कमाटीबागेत उजेड हवा, पण कुठे आणि किती?

सुरसागरकाठ

मंडळी, नमस्कार.

बडोद्याच्या कमाटीबागेत (कागदोपत्री सयाजीबाग) मी गेली एकतीस वर्षं फिरायला जाते. आधी आईला सोबत घेऊन, आता गटाबरोबर. आमचा संध्याकाळी फिरणाऱ्यांचा एक गट आहे. त्यात मराठी आहेत, गुजराती आहेत, दोन सिंधी काका आहेत. या गटाने महापालिकेला एक निवेदन द्यायचं ठरवलंय. पहिलीच मागणी अशी: बागेत सगळीकडे भरपूर पांढरा उजेड करावा आणि मोठ्या झाडांवर खालून फोकस सोडावेत, म्हणजे बाग रात्री खुलून दिसेल. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी दोन्ही भाषा लिहिते. आणि नेमकी हीच मागणी माझ्या हाताने लिहवत नाहीये.

बाग १८७९ची. सयाजीराव महाराज तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. विश्वामित्रीच्या काठची ११३ एकर जमीन बडोद्याच्या लोकांसाठी बाग म्हणून राखली गेली. पुढे १८९४मध्ये आतली संग्रहालयाची इमारत उभी राहिली. प्राणिसंग्रहालय, तारांगण, फुलांचं घड्याळ ही आकर्षणं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण माझ्यासाठी ही बाग म्हणजे दिवेलागणीची वीस मिनिटं. पोपटांचा कलकलाट थांबतो, पिंगळ्याची किचकिच सुरू होते आणि मग डोक्यावरून एकेक वटवाघूळ नदी ओलांडून निघतं. मोठी फळखाऊ वटवाघळं, पंख पसरले की मीटरभराहूनही रुंद. आई त्यांना मोजायची. सत्तरच्या पुढे गेली की सोडून द्यायची.

अंधाराला आपण बागेची उणीव समजतो. मला तो बागेचाच एक भाग वाटतो, झाडांइतकाच जुना. दीडशे वर्षांचा वड तोडायचा म्हटलं तर सगळं शहर रस्त्यावर येईल. त्याच वडावर रात्रभर फोकस सोडला तर आपण फोटो काढू.

मी गटाला म्हटलं, उजेड नको असं नाही, पण वेगळ्या तऱ्हेने मागू या. माझ्या मनात आहे ते असं. दिवे पायवाटेसाठी असावेत, झाडांसाठी नकोत. रंग पिवळा, २२०० केल्विनच्या आसपास (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा रंग पिवळा), जुन्या सोडियमच्या दिव्यासारखा. प्रत्येक दिव्याचं तोंड खाली, वरून झाकलेला. मुख्य वाटांवर गुडघ्याएवढ्या उंचीचे दिवे आणि आतल्या वाटांवर माणूस आलं की लागणारे सेन्सरचे. नदीकडच्या पट्ट्यात मगरी, कासवं, रात्रीचे पक्षी आहेत, तिथे काहीच नको. फाटकं बंद झाल्यावर रखवालदारांपुरते सोडून बाकी सगळे दिवे बंद.

गटातल्या अर्ध्या लोकांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं मला टाकाऊ वाटत नाही, म्हणून इथे विचारतेय. इथे वीजवाले आहेत, निसर्गवाले आहेत, परदेशी राहणारे आहेत. माझं कुठे चुकतंय ते सांगा. निवेदन पुढच्या अमावास्येनंतर द्यायचं आहे.

रावपुरा_राजन

ताई, मी त्याच गटातला. समोर बोललो ते इथेही लिहितो.

माझे वडील ८३ वर्षांचे आहेत. मागच्या हिवाळ्यात एका बागेत (ही नव्हे) पायरी दिसली नाही म्हणून पडले. खुब्याचं हाड मोडलं. चार महिने आम्ही घरात हॉस्पिटल चालवलं. तुम्ही पिवळा, मंद, खाली तोंड केलेला असं लिहिता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती पायरी येते. वटवाघळं मलाही आवडतात. पण बाग महाराजांनी लोकांसाठी दिली आणि म्हातारी माणसं त्या लोकांतच येतात.

पिंगळा

मी पुण्याचा, पण शिकायला चार वर्षं बडोद्याला होतो. संध्याकाळी कमाटीबाग ठरलेली.

ताईंनी लिहिलेल्या गोष्टींमागचं शास्त्र थोडं मांडतो.

दिव्याभोवती किडे का घिरट्या घालतात? 'पतंग ज्योतीवर भाळतो' हे आपण कवितेतून शिकलो. चंद्र समजून ते दिव्याकडे जातात, असंही पुस्तकांत असायचं. २०२४मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेला एक अभ्यास आला, त्यातून वेगळंच दिसलं. उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षं रात्रीचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असायचं, त्यामुळे 'उजेड जिकडे, तिकडे वर' एवढी खूण त्याला पुरायची. आता उजेड शेजारच्या खांबावर असतो. किडा त्याच्याकडे पाठ वळवत राहतो आणि गोल गोल अडकतो. भाळणं वगैरे काही नाही, त्याची दिशाच हरवते. दिवा खालून वर सोडला तर काही किडे उलटे होऊन कोसळताना त्या चित्रणात दिसले. झाडाखालचा फोकस नेमका हेच करतो.

दुसरं परागीकरणाचं. बुच, रातराणी, पारिजातक ही रात्री उमलणारी झाडं. पांढरी फुलं आणि जोरकस वास हे पतंगांना बोलावणं असतं. स्वित्झर्लंडमध्ये काही कुरणांत रात्री दिवे लावून पाहिलं, तर फुलांवर येणारे रात्रीचे कीटक ६२ टक्क्यांनी कमी झाले. ज्या रोपट्यावर त्यांनी लक्ष ठेवलं होतं त्याला फळंही १३ टक्के कमी धरली, दिवसा मधमाश्या येत असूनही. हा अभ्यास २०१७चा.

आणि वटवाघळं. बडोद्याचं नावच वडावरून आलं असं सांगतात. वडाची फळं खाऊन बी लांब नेऊन टाकण्याचं काम पक्ष्यांबरोबर हीच मंडळी करतात. कोस्टारिकात फळखाऊ वटवाघळांवर एक प्रयोग झाला. उजेडातली फळं त्यांनी अंधारातल्या फळांच्या जवळपास निम्म्यानेच घेतली. ती जात वेगळी, आकाराने कितीतरी लहान, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. पण फळांनी लगडलेल्या वडावर रात्रभर झोत सोडू नये, एवढं सांगायला तो पुरेसा आहे.

एक आनंदाची गोष्ट. फळखाऊ वटवाघळं अनेक वर्षं आपल्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, उंदरांच्या पंगतीला. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली.

मृण्मयी८८

मी या धाग्यावर थोडी चिडून लिहितेय, आधीच सांगते.

मी नोकरी करते. फिरायला मिळतं ते साडेसातनंतर. एका शहरात (नाव नको) आमच्या घराजवळच्या बागेत असेच 'निसर्गाला त्रास नको' म्हणून कमी दिवे ठेवले होते. तिथे माझ्यामागे एक माणूस दोन फेऱ्या चालत होता. त्याचा चेहरा मला एकदाही दिसला नाही. तिसऱ्या फेरीला मी पळत फाटक गाठलं आणि पुन्हा त्या बागेत गेले नाही.

सुरसागरकाठ ताई, तुमच्या यादीतल्या सेन्सरच्या दिव्यांबद्दल बोलते. मी चालतेय तिथे दिवा लागतो, पुढे सगळा काळोख. म्हणजे मी कुठे आहे हे सगळ्या बागेला कळतं आणि पुढे कोण उभं आहे हे मला कळत नाही. कागदावर वीज वाचते. बाईला ती वाट बंद होते.

गुडघ्याएवढ्या दिव्यांचंही तसंच. त्यात चपला दिसतात. मला समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-बारा पावलांवरून दिसायला हवा, म्हणजे वळायचं की नाही हे ठरवता येतं. वटवाघळांना रात्र हवी हे मान्य. मलाही संध्याकाळ हवी आहे.

सुरसागरकाठ

मृण्मयी, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. सेन्सरचा हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी साठीची बाई, गटाबरोबर फिरते. एकटी मुलगी तिथून कशी चालेल हे मला सुचायला हवं होतं. आतल्या वाटांवरचे सेन्सरचे दिवे आत्ताच मसुद्यातून खोडले.

राजनभाई, पायरीचंही लक्षात आहे. त्यावर कोणी जाणकार बोलेल का?

नेत्रतज्ज्ञ_सांगली

पायरीवर मी बोलतो.

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली अंधारात पुरेशी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळट, गढूळ व्हायला लागतं. त्यामुळे राजन म्हणतात ते खरं, वडीलधाऱ्यांना जास्त उजेड लागतो. पण त्याच गढूळ भिंगामुळे समोरून येणारा झगझगीत प्रकाश डोळ्यात पसरतो आणि सगळ्यावर पांढरं धुकं चढतं. मोतीबिंदूचे पेशंट नेहमी सांगतात, "डॉक्टर, समोरून गाडी आली की रस्ताच दिसत नाही." उघडा एलईडी डोळ्यांच्या रेषेत आला की बागेतही तेच होतं. दिवा लख्ख दिसतो, पायरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट सरावाची. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक खांब भगभगीत आणि पुढचे पंधरा मीटर काळोख, अशी वाट सगळ्यात वाईट. तिथे तरुण माणूसही ठेचकाळतो. मृण्मयी यांनी सांगितलेला चेहरा न दिसण्याचा अनुभवही पुष्कळदा यातूनच येतो, कारण समोरच्याच्या पाठीमागे झगझगीत दिवा असला की त्याची फक्त काळी आकृती दिसते.

म्हणून उजेड किती यापेक्षा तो सारखा पसरलाय का आणि दिव्याचा गोळा डोळ्यांना थेट दिसतो का, हे आधी विचारा. पायऱ्यांच्या कडेला फिक्या रंगाचा ठळक पट्टा मारा. त्याला वीज लागत नाही, आणि तो दिवसाही उपयोगी पडतो.

फेज_न्यूट्रल

नाशिकला तेवीस वर्षं लायटिंगची कामं करतो. बागा, मंदिरं, सोसायट्या. चार गोष्टी सांगतो, ताई, मसुद्यात घाला.

१) निवेदनात फक्त 'पिवळे दिवे' लिहू नका. पिवळा म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं असतं. दुकानात वॉर्म व्हाइट म्हणून ३०००चा मिळतो, तो पांढऱ्याकडेच झुकतो. आकडा घाला: २२०० केल्विन, फार तर २७००. आणि माल आल्यावर खोक्यावरचा कोड वाचा. ७२७ असेल तर पहिला ७ रंग किती खरे दिसतात त्याचा, पुढचे २७ म्हणजे २७०० केल्विन. ७६५ दिसला तर तो ६५०० आहे, ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा. कागदावर एक आणि खोक्यात दुसरा, असं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. स्टॉकमध्ये होतं ते लावून मोकळे.

२) गुडघ्याएवढ्या दिव्यांना आम्ही बोलार्ड म्हणतो. दिसायला छान. एका गावच्या बागेत मी स्वतः चाळीस लावले होते. दोन वर्षांत मुलांच्या लाथा, कुत्री आणि गवत कापायच्या मशीनने निम्मे गेले. पण बडोद्यात त्याहून मोठी अडचण आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या पुढे गेली होती. धोक्याची पातळी २५ची आहे. नदीकाठच्या बागेत बोलार्ड लावले तर पहिल्या पुरात सगळे पाण्याखाली. आत गाळ शिरला की फिटिंग गेलं, आणि ओल्या जमिनीत करंट उतरायची भीती वेगळी.

त्यापेक्षा साडेतीन-चार मीटरचा खांब घ्या, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) वर डोक्यात, पॅनेल उंच ओट्यावर. आर्थिंग आणि लिकेजवर तुटणारा ब्रेकर पाहिजेच. मृण्मयीताईंना चेहरा दिसायला हवा, तोही या उंचीवरून दिसतो. रस्त्याचे आठ-नऊ मीटरचे खांब बागेत आणू नका, त्यांचा उजेड झाडाच्या शेंड्यात जातो.

३) डिम होणारा ड्रायव्हर मागा. फरक थोड्या पैशांचा असतो. संध्याकाळी शंभर टक्के, गर्दी ओसरली की चाळीस, फाटक बंद झालं की शून्य. टायमरला वेळ साधी ठेवू नका, सूर्यास्ताप्रमाणे सरकणारी ठेवा. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये दिवेलागणीत तास-दीड तासाचा फरक पडतो.

४) झाडाला खिळे ठोकून, वायर गुंडाळून काही लावायचं नाही हे स्पष्ट लिहा. झाड जाड होतं, वायर होत नाही. पाच-सहा वर्षांनी ती सालीत रुतलेली मी काढली आहे. निघताना सालीसकट निघते.

बोरिवली_बाल्कनी

झाडांवरच्या दिव्यांचा विषय मुंबईत कोर्टात गेला आहे. झाडांवरची रोषणाई थांबवावी अशी जनहित याचिका होती. २०२४च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला आणि मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर महापालिकांना नोटिसा काढल्या. कमाटीबाग गुजरातेत आहे, तिकडे हे थेट लागू नाही. पण निवेदनात एक ओळ म्हणून घालता येईल.

आमच्या गल्लीतल्या पर्जन्यवृक्षाला एका सणाला दिव्यांच्या माळा घातल्या, त्या पुढचे अकरा महिने तशाच होत्या. त्या फांदीवर पूर्वी बगळे रात्रीला बसायचे. ते पलीकडच्या झाडावर गेले. मी रोज बाल्कनीतून बघते.

अपर्णा_आइंडहोवन

नेदरलँड्समधून लिहितेय. आमचं हे गाव दिव्यांचंच. फिलिप्स कंपनी १८९१मध्ये इथे बल्ब बनवायला सुरू झाली.

इथे निसर्गक्षेत्रांत, रानाच्या कडेला वेगवेगळ्या रंगांचे दिवे लावून काही वर्षं निरीक्षण केलं. पांढरा, हिरवा, लाल आणि दिवाच नाही, असे चार भाग. उजेडाला बुजणाऱ्या वटवाघळांच्या जाती पांढऱ्या-हिरव्याखाली क्वचितच फिरकल्या. लाल दिव्याखाली आणि अंधारात मात्र त्या सारख्याच होत्या. धीट जाती उलट पांढऱ्याकडे आल्या, कारण तिथे किडे गोळा झालेले. त्या आधारावर नीउकोप गावातल्या एका नव्या वस्तीत २०१८मध्ये रस्त्यांवर लाल दिवे लावले.

मी ते बघायला मुद्दाम गेले होते. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटतं, सगळं गाव फोटो धुण्याच्या खोलीत ठेवल्यासारखं. मग डोळा सरावतो. वाट नीट दिसते, पण रंग कळत नाहीत. हिरवी झुडपं काळी दिसतात आणि समोरच्याचा शर्ट कुठल्या रंगाचा ते सांगता येत नाही. मृण्मयीचं वाचल्यावर वाटतं, शहरातल्या बागेच्या मुख्य वाटेला लाल नको. इथेही ते निसर्गक्षेत्राला लागून असलेल्या वस्तीत आहेत, भर गावात नाहीत.

पिंगळा

अपर्णा, छान सांगितलंस. एक भर घालतो. डच अभ्यासातली वटवाघळं कीटकखाऊ, आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडणारी. कमाटीबागेवरून जाणारी मोठी फळखाऊ तसला आवाज काढत नाहीत. ती डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात, डोळे केवढे टपोरे असतात बघा. त्यामुळे लाल रंगाचं गणित त्यांना तसंच लागेल असं धरून चालू नये. त्यांच्यासाठी उडायच्या वाटेवर आणि फळझाडांवर उजेड न टाकणं हाच सरळ उपाय. पण बागेत लहान कीटकखाऊ वटवाघळंही असणार, संग्रहालयासारख्या जुन्या इमारतींच्या फटी त्यांना आवडतात. त्यांना २२०० केल्विनचा झाकलेला दिवा पांढऱ्यापेक्षा नक्कीच बरा, कारण त्यात निळा भाग अगदी कमी असतो.

श्रीरंग_बर्लिन

ऐतिहासिक बाग म्हणताय म्हणून लिहितो. बर्लिनच्या टियरगार्टन बागेत १९७८मध्ये गॅसच्या दिव्यांचं उघड्यावरचं संग्रहालय उभारलं होतं, निरनिराळ्या शहरांतले नव्वदेक खांब. गॅसच्या ज्योतीत निळा आणि अतिनील भाग थोडा, म्हणून किडे तिकडे कमी जातात. आता शहरात गॅस काढून एलईडी बसवतात, पण पुष्कळ ठिकाणी खांब आणि कंदील जुन्या घडणीचेच ठेवून आत पिवळा दिवा. त्याबद्दलही इथे बराच वाद झाला, जुन्या दिव्यांवर जीव असणारे लोक सह्या गोळा करत होते.

कमाटीबागेतही ओतीव लोखंडी जुन्या वळणाचे खांब शोभतील. फक्त चारी बाजूंनी काच असलेला कंदील घेऊ नका. दिसतो जुना, पण उजेड आडवा आणि वर फेकतो. दिवा कंदिलाच्या टोपीत, तोंड खाली, असा मिळतो.

रावपुरा_राजन

डॉक्टर आणि नाशिकचे दादा, आभार. झगझगीचा मुद्दा मी घरी करून पाहिला. वडिलांना रात्री अंगणात नेलं. आमच्या फाटकावरचा पन्नास वॅटचा उघडा फ्लड लावला आणि विचारलं, पायरी दिसते का? म्हणाले, "दिवा दिसतो." मग तो बंद केला आणि ओसरीतला जुना पिवळा, वर पत्र्याची टोपी असलेला दिवा लावला. दोन पायऱ्या स्वतः मोजून उतरले.

फ्लड काढून ठेवलाय. पायऱ्यांच्या पट्ट्याचं पहिल्या क्रमांकावर घ्या, ताई. झाडांवरच्या फोकसचा माझा आग्रह सोडला. पण मुख्य वाटेवर उजेड पुरेसा हवा, तो सोडणार नाही.

विदर्भी_वारा

नागपूरहून. आमच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत 'डार्क स्काय पार्क'चा (रात्रीचं आकाश काळोखं राखणाऱ्या जागेचा) दर्जा मिळाला, भारतातला पहिला. त्यासाठी सिल्लारीसारख्या आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. गावं अंधारात गेली नाहीत. मी तिथे एका काकूंशी बोललो, त्यांची खूण सोपी होती: "पहिले दिवा दिसे, आता अंगण दिसते."

शहरात आकाशगंगा दिसणार नाही हे खरं. पण कमाटीबागेत तारांगण आहे ना? आत खुर्चीत बसून नक्षत्रं बघून मूल बाहेर आलं आणि त्याला निदान मृग आणि व्याध ओळखता आले, तर किती छान होईल. त्या इमारतीभोवतीचे दिवे तरी अगदी मंद मागा.

मृण्मयी८८

राजनकाका, तुमचा अंगणातला प्रयोग वाचून मी पण केला. नवऱ्याला गल्लीत आधी उघड्या आणि मग झाकलेल्या दिव्यापाशी उभं केलं. उघड्या दिव्याच्या पुढे उभा राहिला तर वीस पावलांवरून फक्त सावली. झाकलेल्या दिव्याखाली आला तेव्हा चेहरा दिसला, दाढी वाढल्याचं पण दिसलं.

मग माझं म्हणणं असं: मुख्य फेरीची वाट फाटक बंद होईपर्यंत एकसारखी उजळलेली हवी, मध्ये काळा पट्टा नको. वाटेला लागून दाट झुडूप नको, दोन-तीन मीटर मोकळं गवत हवं. बाहेर पडायचा रस्ता कुठूनही दिसायला हवा. रखवालदार फिरता हवा, त्यात बायकाही. आणि आतल्या वाटांवर दिवे नसतील तर त्या दिवेलागणीला साखळी लावून सरळ बंद करा. अर्धवट उघड्या, अर्धवट काळ्या वाटा सगळ्यात धोक्याच्या. बंद वाटेवर कोणी जात नाही, तिथे वटवाघळांनी खुशाल राज्य करावं.

हे असेल तर तुमच्या २२०० केल्विनला माझं अनुमोदन.

सुरसागरकाठ

मृण्मयी, या साखळीने माझी मोठी अडचण सुटली. मी बागेला एकच बाग समजून दिवे वाटत होते. तू तिचे दोन भाग केलेस: संध्याकाळी माणसांची फेरी आणि दिवेलागणीनंतर फक्त बागेचा असलेला आतला नि नदीकडचा भाग. हे गटाला समजावणंही सोपं आहे.

काल हाच मसुदा घेऊन सहा जणांसमोर बसले. सिंधी काकांपैकी एकांनी विचारलं, "मग नवरात्रात, दिवाळीत बाग सजवायचीच नाही का?" मी म्हटलं, सजवू या. फाटकाला, बाहेरच्या भिंतीला, वाटेच्या कडेने पणत्यांसारखे दिवे ठेवून. झाडावर चढवायचे नाहीत आणि सण संपला की दुसऱ्या दिवशी काढायचे, काढायची तारीख परवानगीतच लिहिलेली. ते लगेच हो म्हणाले.

संग्रहालयाच्या इमारतीवर मात्र मतं दोन राहिली. मला तिथे फक्त दाराशी आणि पायऱ्यांवर उजेड पुरे वाटतो. तिघांना ती इमारत रात्री दिसायलाच हवी आहे, आणि त्यांचा अभिमान मला समजतो. तूर्त असं लिहिलंय: भिंतीवर उजेड वरून खाली, पिवळा, फक्त सुट्टीच्या दिवशी, नऊपर्यंत, आणि छताखालच्या फटींत वटवाघळं आहेत का हे आधी तपासून. माझं समाधान झालेलं नाही, पण गटाचं निवेदन आहे.

आता एक विनंती. निवेदनाला आकडा जोडायचाय. मुख्य वाटेवर आत्ता कुठे किती उजेड पडतो, हे अमावास्येच्या संध्याकाळी मोजावं असं मनात आहे. फोनवरचं ॲप चालेल का?

फेज_न्यूट्रल

फोनचं ॲप कमी उजेडात भलतंच दाखवतं. लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र, 'लक्स' हे उजेडाचं माप) घ्या, दोन-अडीच हजारांत बरा मिळतो, कोणा इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरकडे उसनाही मिळेल. मीटर जमिनीवर आडवा ठेवून मोजा, खांबाखाली एकदा आणि दोन खांबांच्या मधोमध एकदा. मग छातीच्या उंचीवर उभा धरून मोजा, तो चेहऱ्यावरचा उजेड. अंदाजासाठी सांगतो: स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. बागेच्या वाटेला सगळीकडे सारखे तीन ते पाच लक्स मिळाले तरी माणूस आरामात चालतो. खांबाखाली चाळीस आणि मध्ये शून्य आलं, तर तोच तक्ता निवेदनाला लावा.

रावपुरा_राजन

मीटर माझ्या भाच्याकडे आहे, तो फॅक्टरीत सेफ्टीला असतो. आणतो. वडील पण येतो म्हणतायत, वही धरून बाकावर बसतील.

मृण्मयी८८

मी त्या आठवड्यात माहेरी, कारेलीबागेत आहे. चेहऱ्याच्या उंचीवरचे आकडे मी घेते. किती वाजता?

सुरसागरकाठ

काळ्या घोड्याकडच्या फाटकाशी, सूर्यास्ताला. पहिली वीस मिनिटं मीटर पिशवीतच राहू दे, आधी वटवाघळं मोजायची आहेत.